मिशीची मालकी

मला कोर्टात करवत म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण माझे कान तिखट आहेत. एकदा कँटीनमध्ये दोघं जण बोलत होते, "आज करवत कोणाच्या मानेवर आहे रे?" मी मागच्याच टेबलावर होते. उठून त्यांच्या खुर्चीशी गेले आणि म्हटलं, "तुमच्या नाही, निवांत खा." दोघांनाही पुढचा घास गिळता येईना.

माझं काम सरळ आहे. कोणी तरी नाव कमावतं, दुसरा कोणी तरी ते चोरतो, आणि मी त्या चोराला सोलते. साबण, बूट, बॅटऱ्या, दंतमंजन, काय वाटेल ते. एखादं अक्षर इकडचं तिकडे केलं, रंग तोच ठेवला, की यांना वाटतं आपण फार हुशार. लोक मला म्हणतात, बाई, तुम्ही गरिबाच्या पोटावर पाय देता. अहो, मग गरिबाने स्वतःचं नाव काढावं की! दुसऱ्याच्या नावावर किती दिवस जगणार? मला कधी टोचणी लागली नाही आणि रात्री झोपही छान लागते.

पण आजोबांची केस निराळी होती. तिथे डबीवर काही चोरलेलंच नव्हतं.

मलम कंपनीचा मॅनेजर माझ्या ऑफिसात आला आणि त्याने टेबलावर दोन डब्या ठेवल्या. पिवळी मला ओळखीचीच होती. कोणाला नाही? घराघरातल्या ड्रॉवरमध्ये ती असते. गुडघ्याला, कंबरेला, कपाळाला, सगळ्याला तीच. झाकणावर आजोबा: डोक्यात लोकरीची टोपी, गोल चष्मा, आणि गालांवर पसरलेली जाड पांढरी मिशी. दुसरी डबी हिरवी होती. मी ती उलटसुलट करून बघितली. नाव वेगळं, रंग वेगळा, झाकणाचा आकार वेगळा, चित्र तर नाहीच. ज्याने ही डबी बनवली त्याने कोणाला तरी विचारून, जपून बनवली होती.

"यात तुमचं काय आहे?" मी विचारलं. "मला तर काही सापडत नाही."

"डबीवर नाहीच आहे, मॅडम. दुकानात आहे." त्याने फोन पुढे केला. फोटोत एक लाकडी काउंटर होता, मागे हिरव्या डब्यांची रांग, आणि काउंटरमागे पिवळ्या डबीवरचे आजोबा बसलेले. जिवंत! तीच टोपी, तोच चष्मा, तीच मिशी.

"हा कोण बहुरूपी?"

"बहुरूपी नाही हो. तोच आहे."

मग त्याने सगळी हकिगत सांगितली. पिवळं मलम मुळात या म्हाताऱ्याचंच. घरच्या शेगडीवर आटवून त्याने ते उभं केलं, गावोगाव पोचवलं. पुढे थोरल्या मुलाला परदेशी जाऊन बस्तान बसवायचं होतं, म्हणून म्हाताऱ्याने सगळं कंपनीला विकून टाकलं. मुलगा गेला तो गेलाच, आता फोनही करत नाही. धाकटी मुलगी इथेच राहिली. तिने दोन वर्षांपूर्वी आपलं स्वतःचं हिरवं मलम काढलं, एका गल्लीत दुकान टाकलं आणि बापाला काउंटरवर बसवलं. तेव्हापासून शहराच्या त्या अर्ध्या भागात पिवळी डबी कोणी हातात धरेना.

"लोक आमच्या डबीवर आजोबा बघतात, आणि तिथे समोर आजोबा बघतात," मॅनेजर म्हणाला. "डबी हरते."

मी विक्रीचा करार मागवला. त्यात मलमाची कृती होती, नाव होतं, पिवळा रंग होता, चित्र होतं, आणि चित्राच्या पुढे एक ओळ होती: "तसेच सदर चित्राशी साधर्म्य असलेले कोणतेही रूप." ही ओळ लिहिणाऱ्या वकिलाचा मला हेवा वाटला. म्हाताऱ्याने खाली सही ठोकली होती. त्याने ती ओळ वाचली नसणारच. वाचली असती तरी त्याला वाटलं असतं, चित्राचंच काही तरी लिहिलंय.

आमच्याकडे एक माणूस आहे, त्याला आम्ही गिऱ्हाईक म्हणतो. विकत घेणं हाच त्याचा धंदा. दुकानात जायचं, माल घ्यायचा, दोन प्रश्न विचारायचे आणि शर्टाच्या बटणातल्या कॅमेऱ्यात सगळं टिपून आणायचं. चेहरा इतका साधा की त्याची बायकोसुद्धा त्याला बाजारात हरवून येत असेल. मी त्याला त्या गल्लीत पाठवला. संध्याकाळी आम्ही ऑफिसात बसून चित्रण बघितलं.

"आजोबा," गिऱ्हाईकाचा आवाज आला, "अस्सल मलम कुठलं हो? ही हिरवी की ती पिवळी?"

म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत चढवला. मिशीवरून बोट फिरवलं. घाई म्हणून नाही. "बाळा," तो म्हणाला, "डबीकडे कशाला बघतोस? माझ्याकडे बघ आणि तूच ठरव."

मी टाळी वाजवली. अहो, याहून जास्त काय हवं होतं मला? तोंडाने कबूल करत होता की तो आपलं तोंड विकतोय.

"मॅडम, खरं सांगू का?" गिऱ्हाईक खाली बघत म्हणाला. "मी दोन घेतल्या. एक पुराव्याला आणि एक घरी. सासूबाईंची पाठ धरलीय."

"दुसरी अहवालात घालू नकोस," मी म्हटलं.

केस दाखल झाल्यावर मुलगी आपल्या वकिलाला घेऊन तडजोडीला आली. चाळिशीची असेल. हाताला मलमाचा वास, नखं आखूड कापलेली, आणि बोलताना सरळ डोळ्यांत बघायची सवय. तिचा वकील भिडस्त होता, पुन्हा पुन्हा घसा साफ करायचा. बोलली तीच.

"मॅडम, डबी बदलायला सांगा, बदलते. नाव बदलते. गल्ली सोडून दुसरीकडे जाते म्हणाल तर जाते. फक्त बाबांना तिथून उठवू नका."

"का?"

"धंदा विकल्यावर ते घरात बसले होते. खिडकीकडे पाठ करून बसायचे. जेवायला हाक मारली तर म्हणायचे, गिऱ्हाईक आहे का कोणी? आई गेल्यावर तर बोलणंच थांबलं. डॉक्टर म्हणाले, यांना काही झालेलं नाही, यांना दुकान हवंय. म्हणून मी दुकान काढलं. मला काय मलमाची हौस होती? मी शाळेत शिकवत होते."

"मग बटणं विकायची. दोरे विकायचे."

"त्यांना दुसरं काही येत नाही हो. गुडघा दुखतोय म्हटल्यावर कुठे दुखतोय ते विचारायचं, एवढंच येतं."

मला तिचं म्हणणं पटलं का? पटलं ना. अगदी पटलं. पण पटण्याचं मला कोणी काही देत नाही. मी म्हटलं, "ताई, तुमच्या बाबांना बसू दे की. तुमच्या घरी बसू दे, बागेत बसू दे. आमच्या चित्रासारखं दिसत काउंटरवर बसायचं नाही, एवढंच."

तिच्या वकिलाने घसा साफ केला. ती उठली आणि म्हणाली, "ते तुमचं चित्र नाही. ते माझे बाबा आहेत." मी म्हटलं, हे कोर्टात बोला.

कोर्टात बोलायला ती नाही, म्हाताराच आला. आमचे न्यायाधीश गोष्टीवेल्हाळ माणूस. त्यांच्या घरीही ती पिवळी डबी असणार. म्हाताऱ्याला बघून त्यांचा चेहरा खुलला आणि ते म्हणाले, "आजोबांनाच बोलू द्या, त्यांचं म्हणणं ऐकू." माझ्या समोरच्या वकिलाला आनंद झाला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याने तोंड उघडलं की केस जिंकली. मला तसं वाटलं नाही. दुकानदाराला बोलायला मोकळं सोडलं की तो काय करतो हे मला चांगलं माहीत आहे. तो आपली सगळ्यात चालणारी गोष्ट सांगतो.

मी उभी राहिले आणि अगदी लाडात विचारलं, "आजोबा, हे चित्र केव्हा काढलं हो?"

झालं. म्हातारा खुलला. कठड्यावर कोपर टेकून उभा राहिला, जसा दुकानात राहत असेल. "त्याची मोठी गंमत आहे, साहेब. तेव्हा मी ऐन उमेदीत. तोंडावर मिशीचा केस नाही! चित्रकार म्हणाला, तुझ्या या कोवळ्या तोंडाकडे बघून कोणी गुडघ्याला मलम लावणार नाही. लोकांना म्हातारा हवा. म्हणून त्याने मला म्हातारा केला. टोपी घातली, चष्मा चढवला, मिशी काढली, सगळं कागदावरच हं! आणि डब्या खपायला लागल्या की हो. मग लोक दुकानात यायचे, विचारायचे, आजोबा कुठायत? मी म्हणायचो, मीच! कोणी विश्वास ठेवेल तर शपथ. एक बाई तर म्हणाली, चल हट, तू त्यांचा नातू असशील. मग काय करता? वाढवली मिशी. ती आली काळी कुळकुळीत! तिला रोज सकाळी पावडर फासायची. चष्मा घेतला साध्या काचेचा. पुढे देवाच्या कृपेने डोळे खरंच अधू झाले, ती काळजी मिटली."

अख्खं कोर्ट हसलं. न्यायाधीश हसले, शिपाई हसला, टायपिस्ट हसता हसता थांबला आणि परत हसला. म्हातारा सगळ्यांकडे वळून बघत होता, फुलून गेला होता नुसता. एकटी मुलगी हसत नव्हती. तिने ही गोष्ट जन्मभर ऐकली असणार. आज ती कुठे जाऊन पोचणार हे तिला माझ्या आधी कळलं होतं. तिने तोंडावर हात घेतला.

मी हसू ओसरू दिलं. मग म्हटलं, "साहेब, समोरच्या वकील मित्रांचं म्हणणं असं की हे चित्र या गृहस्थांचं आहे. गृहस्थ स्वतः काय सांगतात? चित्र आधी, मिशी मागून. चित्र यांच्यावरून काढलेलं नाही, हेच चित्रावरून बनलेत. टोपी चित्राची, चष्मा चित्राचा, मिशी चित्राची. अस्सल आहे ते डबीवर, आणि ते माझ्या अशिलाने रीतसर विकत घेतलंय. इथे उभी आहे ती नक्कल."

म्हातारा अजून हसतच होता. त्याला वाटलं, मी त्याच्या गोष्टीत भर घालतेय.

समोरचा वकील घसा साफ करत उठला. "साहेब, चेहरा देवाने दिलेला आहे. त्याची मालकी कोणाला..."

"देवाचं देवाला लखलाभ," मी म्हटलं. "चेहरा आम्हाला नकोच. मिशी त्यांनी स्वतः राखली, पावडर स्वतः लावली. तेवढीच आमची. मिशी, टोपी आणि गोल चष्मा. एवढं उतरवून गृहस्थ खुशाल काउंटरवर बसू देत, आमची काडीचीही हरकत नाही."

न्यायाधीश म्हाताऱ्याकडे वळले. "आजोबा, चष्म्याशिवाय दिसतं का?"

"नाही साहेब."

"चौकोनी मिळतो," मी म्हटलं.

आदेश निघाला. पहिलं कलम मिशी, टोपी आणि चष्म्याचं. दुसरं कलम मी कोर्टापुढे ठेवलेल्या मसुद्यात आधीच घालून ठेवलं होतं: पिवळ्या डबीवरची व्यक्ती आपणच आहोत असं म्हाताऱ्याने किंवा मुलीने कोणाही ग्राहकाला सांगायचं नाही, सुचवायचं नाही आणि तसा समज होऊही द्यायचा नाही. मोडलं तर दुकानाला सील. सगळे मिशीवरच अडकले होते, मुलगीसुद्धा. मिशी जाणार म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि दुसरं कलम तिच्या वकिलाने हूं की चूं न करता मान्य केलं.

बाहेर व्हरांड्यात तिने मला अडवलं. "तुमच्या वडिलांची मिशी कोणी अशी कापली असती तर?"

"माझ्या वडिलांनी ती विकली नव्हती," मी म्हटलं आणि पुढे निघाले. असलं उत्तर वेळेवर सुचलं की मला दिवसभर बरं वाटतं.

मॅनेजर मात्र खूश नव्हता. "मिशी काढून काय होणार, मॅडम? लोक आवाजावरून ओळखतील. मला ते दुकान बंद हवंय."

"दुसरं कलम वाचा," मी त्याला म्हटलं. "तो माणूस उभ्या जन्मात एकच गोष्ट सांगत आलाय. कोणी तरी विचारणार, आजोबा कुठायत, आणि त्याच्या तोंडून निघणार, मीच. गप्प बसणं त्याच्या जिवावर येईल. तुमचं दुकान तो आपल्या जिभेनेच बंद करून देतो की नाही बघा."

आदेश पाळला जातोय का हे बघायला एक दिवस दुकानात बसण्याची परवानगी मला मिळाली होती. मुलीचा वकीलही येणार होता. सकाळी त्याचा फोन आला, ताप आलाय म्हणून. कसला ताप नि कसलं काय! माझ्या शेजारी दिवसभर बसायच्या कल्पनेनेच त्याला हुडहुडी भरली असणार.

दुकान लहान होतं, पण लख्ख. पुढे काउंटर, एका बाजूला गिऱ्हाइकांना टेकायला बाक, मागे पडदा आणि पडद्यामागे शेगडी, जिथे मुलगी मलम आटवून डब्या भरत होती. समोर रस्त्यापलीकडे औषधांचं दुकान, त्याच्या काचेत पिवळ्या डब्यांचा मनोरा रचलेला. मी आत शिरले आणि काउंटरवरच्या माणसाला विचारलं, "मालक आहेत का?" अहो, मी ओळखलंच नाही! ज्याला बघायला आले होते त्यालाच ओळखलं नाही.

मिशीखालची जागा पांढरीफटक होती, पट्टी काढल्यावर कातडी दिसते तशी. टोपी गेल्यामुळे कान मोठे दिसत होते. काळा चौकोनी चष्मा नाकावरून घसरत होता. वरचा ओठ इतका पातळ होता की हा माणूस कधी मोठ्याने हसला असेल असं वाटेना. हात सारखा ओठाकडे जायचा, काही सापडायचं नाही, आणि काउंटरवर परत यायचा.

"या वकीलबाई, बसा," तो म्हणाला. "पाणी देऊ?"

रागाचा लवलेश नाही. मला ते आवडलं नाही. समोरच्याने दातओठ खाल्ले की मला बसायला बरं पडतं.

मुलगी पडद्याआडून डोकावली. "न्हाव्याकडे जाऊ म्हटलं तर ऐकलं नाही. स्वतःच काढली," ती म्हणाली, आणि पुढे काही न बोलता आत गेली.

मी बाकावर वही उघडून बसले. गिऱ्हाइकं यायला लागली. एक टेम्पोवाला आला, आत बघितलं आणि म्हणाला, "आजोबा नाहीत आज?" मी मान वर केली. म्हाताऱ्याने खाली बघून डब्या सरळ केल्या. मुलीने आतूनच विचारलं, "काय हवंय दादा?" टेम्पोवाला म्हणाला, येतो नंतर, आणि गेला. एक मास्तरीणबाई आल्या, त्यांनीही तेच विचारलं आणि त्याही न घेताच गेल्या. प्रत्येक वेळी म्हाताऱ्याच्या गळ्याची घाटी वरखाली व्हायची. खरं सांगते, मला मजा येत होती. मांजर बिळाशी बसतं तशी मी बसले होते. आज ना उद्या नाही, आजच. या माणसाच्या पोटात गोष्ट राहणारच नाही, याची मला खात्री होती.

दुपारी एक म्हातारी काठी टेकत आली. ती दारातूनच बोलत आली, "काय मेली ही पायरी, दर वेळी उंच होते! अगं पोरी, कुठायस? आणि आजोबा कुठायत माझे?"

काउंटरवरच्या माणसाकडे तिने नुसतं बघितलं, शिपायाकडे बघतात तसं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी पेनाचं टोपण काढलं. दोनच अक्षरं होती. 'मीच' म्हणायचा अवकाश, की संध्याकाळच्या आत दाराला सील. त्याचे ओठ हलले. बोल, मी मनात म्हटलं. बोल ना, म्हाताऱ्या, जन्मभर तर हेच बोलत आलास.

"गेले," तो म्हणाला.

"गेले? कुठे गेले या उन्हात?"

"वारले."

म्हातारी माझ्या शेजारी बाकावर बसली, नव्हे पडलीच. काठी खाली आपटली, तिने ती उचलली नाही. "अरे देवा," ती म्हणाली. "अरे देवा. कधी? आणि मला कोणी कळवलं नाही!" तिने पदराने डोळे पुसले आणि ती त्याच्याशीच बोलायला लागली, कारण ऐकायला तोच होता. "तुम्हाला काय सांगू, देवमाणूस हो. माझ्या थोरलीच्या वेळी कंबर धरली होती, तर डबी द्यायला स्वतः जिने चढून घरी आले होते. आमचे हे गेले तेव्हा सगळे येऊन रडून गेले. या माणसाने बसून मला हसवलं. आणि थापाड्या! म्हणे मी मिशीला पावडर लावायचो. कशावर विश्वास ठेवायचा!"

म्हाताऱ्याचा हात ओठाकडे गेला. "खरंच लावायचे," तो म्हणाला.

"तुम्ही कोण त्यांचे?"

त्याने पुन्हा माझ्याकडे बघितलं. "कोणी नाही. नोकर आहे दुकानात."

"तरीच. त्यांच्यासारखं बोलता थोडं."

हे ऐकताच त्याचा रंग उडाला. तो खोकला, आणि त्यानंतर तो बारीक, चिरक्या आवाजात बोलायला लागला, दुसऱ्याच कोणाच्या तरी. "त्यांचं ऐकून ऐकून झालं असेल, बाई," तो म्हणाला. मी वहीत काहीच लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतंच. कलम पाळलं जात होतं.

आवाज ऐकून मुलगी डब्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. म्हातारी धडपडत उठली आणि तिने तिला मिठीच मारली. ट्रे वाकडा झाला, दोन डब्या घरंगळल्या. "पोरी, बाबा गेले गं तुझे! आणि मला एका शब्दाने कळवलं नाहीस!"

मुलीला काही कळेना. तिने म्हातारीच्या खांद्यावरून बापाकडे बघितलं. मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या पेनाकडे. "नाही हो आजी," ती म्हणाली, "कोणी सांगितलं? बाबा तर..."

"ताई," म्हातारा म्हणाला.

स्वतःच्या मुलीला. त्याच चिरक्या आवाजात.

"ताई, मीच सांगितलं त्यांना. आजोबा वारले म्हणून. त्यांना कळलंय आता."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. तो चष्मा वर सरकवत काउंटरवरच्या डब्या सरळ करत होता. मग ती रडली. म्हातारीच्या खांद्यावर डोकं ठेवून, तोंड उघडं टाकून, लहान पोरं रडतात तशी रडली. मी पुष्कळ खोटं रडणं बघितलंय, आमच्या धंद्यात ते रोजचंच. हे तसलं नव्हतं. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, रड, रड, मोकळी हो म्हणत होती, आणि बाप तीन हातांवर उभा राहून आपल्या मरणाचं रडणं ऐकत होता.

थोड्या वेळाने म्हातारीने नाक पुसलं. मुलीने खाली पडलेली हिरवी डबी उचलून तिच्या हातात ठेवली. म्हातारीने ती बघितली आणि परत दिली. "ही तुझी ना? चांगलीच असेल गं. रागावू नकोस हं पोरी, पण आता मी पिवळीच घेईन. निदान तिच्यावर त्यांचं तोंड तरी आहे. रोज दिसेल." जाताना तिने म्हाताऱ्याला बजावलं, "दुकान नीट सांभाळा. पोरगी एकटी पडलीय." पायरी उतरून ती रस्ता ओलांडून गेली. समोरच्या दुकानातून तिने पिवळी डबी घेतली, तिथेच उभं राहून झाकणावरून पदर फिरवला आणि निघून गेली. आम्ही तिघंही दारातून बघत होतो.

माझ्या अशिलाची डबी माझ्या डोळ्यांदेखत खपली होती. मला आनंद व्हायला हवा होता. मी अहवालात लिहिलं, आदेशाचे काटेकोर पालन होत आहे, आणि वही मिटली. मुलगी पडद्याआड गेली होती. आतून शेगडी बंद केल्याचा आवाज आला, मग कसलाच नाही.

म्हातारा काउंटरला वळसा घालून माझ्यापाशी आला. वाकून, हळू आवाजात, त्याच चिरक्या आवाजात त्याने विचारलं, "वकीलबाई, बरोबर बोललो ना? वारले म्हटलेलं चालतं ना?"

मला त्याचा असा संताप आला की काय सांगू. वाटलं, एक मुस्काटात द्यावी. अरे, शिव्या घाल मला! पाण्याचा पेला फेकून मार! पण नाही, हा उभा परीक्षा देऊन आलेल्या पोरासारखा, उत्तर बरोबर आलं की नाही विचारत. आणि खरी गोष्ट ही की उत्तर बरोबर होतं. मीच बांधून दिलेल्या चौकटीत दुसरं उत्तर बसतच नव्हतं.

"चालतं," मी म्हटलं. "सगळ्यांना असंच सांगत जा."

त्याने मान डोलावली आणि तो जागेवर जाऊन बसला. मी चपला घालत होते तोवर सकाळचा टेम्पोवाला परत आला. दारातूनच त्याने विचारलं, "काय हो, आजोबा आले का?"

"आजोबा वारले," म्हातारा म्हणाला. या वेळी त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.